रविवारचं पेडल

आमच्या घरमालकांच्या जीपला चार हॉर्न होते, धुक्यात लावायचे दोन पिवळे दिवे होते आणि चिखलात रुतलेला ट्रॅक्टरसुद्धा ओढून काढता येईल असा मागे लोखंडी आकडा होता. ब्रेक नव्हता. म्हणजे नव्हता असं म्हटलेलं त्यांना अजिबात खपायचं नाही. "ब्रेक आहे," ते म्हणायचे. "लागत नाही एवढंच. असणं वेगळं, लागणं वेगळं." इतका बारीक फरक ज्याला कळतो त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. शिवाय मी त्यांच्याच घरात भाड्याने राहत होतो.

नाशकात मखमलाबाद रोडला, त्या वेळी जिथे वस्ती संपून मळे सुरू व्हायचे, तिथे त्यांचं घर. पुढच्या दोन खोल्या माझ्या, मागे ते आणि काकू, आणि त्याच्यामागे एकरभर झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. मी पाटबंधारे खात्यात अनुरेखक होतो. म्हणजे दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि तोच नकाशा पुन्हा काढायचा. अकलेचा वापर करायला सक्त मनाई असलेली नोकरी होती आणि ती मला मानवली होती. काका मला 'साहेब' म्हणत. सरकारी नोकर म्हणून मान देत होते की चेष्टा करत होते, हे आठ वर्षांत मला कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

काका सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. नव्वदनंतर कारखान्याने पुष्कळांना स्वेच्छेने घरी जायची सक्ती केली, त्यात हेही आले. "त्यांना माझी गरज राहिली नाही असं नाही," ते सांगायचे, "मला त्यांची राहिली नाही." घरी आल्यावर महिन्याभरात त्यांनी लष्कराने मोडीत काढलेली जीप लिलावात घेतली. देशाच्या संरक्षणाला जी गाडी चालेना ती झेंडू वाहायला चालेल, असा साधा हिशेब होता.

मग त्यांनी तिच्यात सुधारणा करायला घेतल्या. पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं. गिअरबॉक्स तिसऱ्याच गाडीचा आणला. फुलांच्या गोण्या बसाव्यात म्हणून मागचा भाग दोन हात लांब केला. पावसाळ्यात मळ्याच्या चिखलातून सरळ वर यावी म्हणून टायर एवढे दांडगे लावले, की आत चढायला घरातला पाट खाली ठेवावा लागे. इंजिन वाढलं, टायर वाढले, लांबी वाढली, वजन वाढलं. ब्रेक तेवढे लष्करात असताना होते तेच राहिले. घरात सुना, जावई, नातवंडं, पाहुणे वाढत जावेत आणि संडास एकच राहावा, तसं झालं.

माझी आई एकदा सटाण्याहून आली होती. अंगणातली जीप बघून ती दारातच थांबली. "भाऊ, हाई गाडी शे का भंगार शे?" तिने मला विचारलं, तेही मोठ्याने. काका जवळच उभे होते. ते अजिबात चिडले नाहीत. आईला त्यांनी जीपभोवती एक पूर्ण चक्कर मारायला लावली, प्रत्येक भाग कुठल्या गाडीचा ते सांगितलं आणि शेवटी "आता बोला" असं म्हणून उभे राहिले. आई बोलली नाही. आत येऊन मला म्हणाली, खोली बदल.

खोली बदलायला हवी होती, खरं आहे. पण काकूंच्या हातचं कालवण खाल्लेल्या माणसाला ते इतकं सोपं नसतं.

काकू म्हणजे बुटक्या, काटक आणि एका शब्दात विषय संपवणाऱ्या. मळा त्याच बघायच्या. फुलं तोडणं, गोण्या भरणं, पहाटे फुलबाजारात नेऊन विकणं, सगळं त्यांच्याकडे. आणि अंगणात ही आगगाडीसारखी जीप उभी असताना काकू रोज पहाटे शेजाऱ्याच्या टेम्पोत बसून बाजाराला जायच्या. जीपमध्ये त्या कधीच बसल्या नव्हत्या. काकांनी पहिल्या दिवशी मोठ्या थाटात दार उघडून धरलं तेव्हाच त्यांनी सांगून टाकलं होतं, "ज्या दिशी ही माझ्या मर्जीनं थांबंल, त्या दिशी बसंन."

काकांचं खरं दुखणं हे होतं. बाकी लोक काहीही बोलोत. पण पहाटे टेम्पोवाला फाटकाशी हॉर्न वाजवायचा, काकू गोण्या चढवून त्याच्या शेजारी बसायच्या आणि तो मुद्दाम खिडकीतून डोकं काढून विचारायचा, "काय मालक, जीप घरी आणि मालकीण माझ्याकडं?" काका दात घासता घासता म्हणायचे, "लोडचा प्रश्न आहे." मग दिवसभर ते कुणाशी धड बोलायचे नाहीत. आपल्या हाताने बांधलेल्या गाडीत आपल्या शेजारी आपली बायको बसावी, यापलीकडे त्या माणसाला आयुष्यात काही नको होतं. हे त्यांनी तोंडाने कधी सांगितलं नाही, पण शेजारच्या सीटला त्यांनी जी गादी शिवून घेतली होती ती स्वतःच्या सीटलाही नव्हती.

तर मग एखाद्या गॅरेजात जाऊन ब्रेक करून घ्यायचे की नाही? मीही हेच म्हणालो होतो. त्यावर ते मला द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजात घेऊन गेले. मेकॅनिक चांगला होता, गाडीखाली वाकून बघून म्हणाला, "दोन तासांत लावून देतो काका." काकांनी त्याला विचारलं, "नळीतल्या तेलाला एका टोकाला दाब दिला, तर तो दाब कुठे कुठे जातो आणि का जातो?" तो म्हणाला, "ते नाय माहिती, पण ब्रेक लावून देतो." काकांनी जीप फिरवली. रस्ताभर ते चिडलेले होते. "ज्याला प्रिन्सिपल माहीत नाही, त्याच्या हातात मी बायकोचा जीव देणार नाही." प्रिन्सिपल हा त्यांचा आवडता शब्द होता. चहात साखर कमी पडली तरी त्यात त्यांना काहीतरी प्रिन्सिपल सापडायचं.

ब्रेक स्वतःच करायचे असल्यामुळे ते रविवारी करायचे, आणि रविवारी मला सुटी असायची. माझ्या दुर्दैवाचं एवढंच कारण आहे.

साडेसात वाजता हाक यायची, "ओ साहेब!" मी झोपेतून उठून जीपमध्ये ड्रायव्हरच्या जागेवर बसायचो. ब्रेकच्या नळ्यांमध्ये तेल असतं. त्या तेलात हवा शिरली की पेडल मऊ लागतं, पाय आत जातो आणि ब्रेक लागत नाही. ही हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून पेडल दाबायचं आणि दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकाशी आडवं होऊन तिथला एक बारीक निपल सैल करायचा, बुडबुड्यांसकट तेल बाहेर पडलं की आवळायचा. मग पुन्हा दाबायचं. एका चाकाचं झालं की दुसरं चाक.

"दाबा. दाबा. दाबा. धरा!"

"धरलंय."

"सोडू नका."

"नाही सोडलं."

"आता सोडा. कसं लागतंय? मऊ की कडक?"

सगळं या प्रश्नावर होतं. खाली झोपलेल्या माणसाला वरचं कळत नाही, त्याला वर बसलेला सांगेल ते खरं धरावं लागतं. एवढा मोठा कारागीर, वाटी-चमच्यापासून पिस्टन करील असा, पण स्वतःचा पाय काही त्याला स्वतःपासून आठ फुटांवर नेता येत नव्हता.

पहिल्या रविवारी मी खरं सांगितलं. "मऊ लागतंय." दुपारी दोन वाजेपर्यंत मी पेडल दाबत होतो. दुसऱ्या रविवारीही खरं सांगितलं. त्या दिवशी तीन वाजले आणि माझ्या पोटरीत गोळा आला. तिसऱ्या रविवारी नऊच्या सुमाराला आतून फोडणीचा वास आला, काकू पोहे करत होत्या, आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "कडक आहे!"

काका चाकाखालून बाहेर आले ते असे, की पहिला मुलगा झाल्याची बातमी ऐकली असावी. "बघितलंत? प्रिन्सिपल!" त्यांनी स्वतः पेडल दाबून बघितलं. आता गंमत अशी, की लागोपाठ तीन-चार वेळा दाबलेलं मऊ पेडल थोडा वेळ कडकच लागतं. त्यांनाही कडक लागलं. आम्ही पोहे खाल्ले. नाशिकची हवा त्या दिवशी काय गोड होती म्हणून सांगू.

तेव्हापासून मी दर रविवारी पोह्यांच्या सुमाराला "कडक" म्हणायला लागलो. सात वर्षं म्हणत होतो.

बुधवारपर्यंत पेडल पुन्हा मऊ व्हायचं. काकांना प्रश्न पडायचा, रविवारी काढलेली हवा बुधवारी आत येते कुठून? ते शोधायला लागले. सगळे वॉशर बदलून झाले. नळ्या बदलून झाल्या. मास्टर सिलिंडर लेथवर स्वतः कातून झाला. मग त्यांनी नाशिकच्या हवामानावर संशय घेतला आणि एका वहीत रोजचं तापमान लिहायला लागले. एक माणूस माझ्यामुळे हवामानशास्त्रज्ञ होत होता, आणि मी समोर बसून पोह्यांवर लिंबू पिळत होतो. मला कधी वाईट वाटायचं का? वाटायचं. गुरुवारी, शुक्रवारी वाटायचं. रविवारी भूक लागायची.

ब्रेक लागत नाही म्हणून ते गाडी चालवायचे थांबले होते, असं मात्र कुणी समजू नये. ते गिअरवर गाडी थांबवायचे. इंजिनाचा आवाज ओळखून एकेक गिअर खाली आणत जायचे आणि शेवटी अंगणातल्या मातीच्या ढिगाला पुढचं चाक हळूच टेकवायचे. एकदा माझ्या कामासाठी आम्ही सुरगाण्याला गेलो. खात्याची गाडी बंद होती आणि काकांनी हौसेने जीप काढली. पेठ रस्त्याचा सावळघाट ते पहिल्या गिअरमध्ये उतरले. मागे माणसांनी टपापर्यंत भरलेल्या सात-आठ जीपा खोळंबल्या. शेवटी एक ड्रायव्हर वळणावर शेजारी आला आणि ओरडला, "बाबा, बिरेक नाय काय?" काकांनी शांतपणे उत्तर दिलं, "आहे. गरज पडली नाही अजून." तो ड्रायव्हर आणि त्याच्या टपावरची माणसं पुढच्या तीन वळणांपर्यंत वळून वळून आमच्याकडे बघत होती. मी मात्र सीटची कड धरून बसलो होतो. घाट उतरून झाल्यावरच मी डोळे नीट उघडले.

त्या वेळी सोबत काकू नव्हत्या, एवढं मनाला सांगून मी विषय मिटवला.

मग तो दसरा आला.

दसरा म्हणजे झेंडूचा दिवस. वर्षभर जो भाव मिळत नाही तो त्या सकाळी मिळतो, आणि दुपारनंतर त्याच झेंडूला कुत्रं हुंगत नाही. आदल्या दिवशी काकूंनी बाया लावून सोळा गोण्या फुलं तोडली. आणि त्याच सकाळी टेम्पोवाल्याचा निरोप आला, की तो स्वतःचा माल घेऊन मुंबईला चाललाय, उद्या यायला जमणार नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी नाशकात दुसरी गाडी मिळणं म्हणजे जवळजवळ अशक्य. काकू दोन ठिकाणी जाऊन आल्या. मग अंगणात उभ्या राहून बराच वेळ जीपकडे बघत राहिल्या.

 काकांनी पान्ह्यांची पेटी काढली. "ओ साहेब!"

रविवार नव्हता, तरी मी रजेवर होतो, कारण टीव्हीवर मॅच होती. अकरा वाजता बसलो तो चार वाजेपर्यंत दाबत होतो. त्या दिवशी काका एका वेगळ्याच तंद्रीत काम करत होते. प्रत्येक चाकाला दोनदा हात लावला. घाम पुसायलासुद्धा थांबत नव्हते. मी मात्र आतल्या टीव्हीचा आवाज ऐकत होतो. चार वाजता शेवटची षटकं आली. पेडल पुरणात पाय घातल्यासारखं मऊ होतं. खालून प्रश्न आला, "कसं लागतंय?"

"कडक!" मी म्हणालो, आणि उडी मारून आत गेलो.

आपण हरलो. ते बघण्यासाठी मी खोटं बोललो होतो.

संध्याकाळी काकू माझ्या दारात आल्या. माझ्या खोलीत त्या सहसा येत नसत. हाताला झेंडूचा पिवळा रंग तसाच होता.

"भाऊ, खरं सांगा. ह्यांच्यावर माझा इश्वास नाय, त्यांना त्या गाडीत खोट दिसतच नाय. पण पाय तुमचा आसतो पेडलावर. लागतो का बिरेक?"

आता सांगायचं होतं. एक शब्द पुरला असता. पण आज मऊ म्हणालो तर दुपारी कडक का म्हणालो, आणि दुपारी खोटं तर मग गेल्या रविवारी काय, आणि त्याच्या आधीच्या रविवारी काय, असं सात वर्षं मागे जात जावं लागणार होतं. मी भिडस्त माणूस आहे असं लोक म्हणतात. भित्रा म्हणायला ते भिडस्त असतात.

"लागतो, काकू," मी म्हणालो.

"मग बसते," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

रात्री मला झोप लागली नाही, हे सांगून मी माझी बाजू सावरत नाही. झोप लागली नाही तरी मी उठून दार वाजवलं नव्हतं, एवढंच खरं.

सकाळी काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. बॉनेटला झेंडूचा हार, आकड्याला छोटी माळ, चारही हॉर्नना हळदकुंकू. त्यांनी पाट ठेवला, काकू पाटावर पाय देऊन चढल्या आणि त्या गादीवर बसल्या. काकांनी दार लावलं, उघडलं आणि पुन्हा लावलं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता, एवढा आनंद झाला होता. मी म्हणालो, मीही येतो, गोण्या उतरवायला. दोघांनाही माझं कौतुक वाटलं. मी मागे सोळा गोण्यांवर चढून बसलो आणि देवाचं नाव घेतलं.

मखमलाबाद नाक्यापर्यंत सगळं नीट झालं. काका सांगत होते, काकू ऐकत होत्या, एकदा हसल्यासुद्धा. पंचवटीतल्या मालेगाव स्टँडपासून नदीकडे जो उतार लागतो, तिथे दोन्ही कडेला फुलंवाले, आपट्याची पानंवाले, उसाच्या मोळ्या घेऊन बसलेली माणसं. रस्ता अर्धा उरला होता. मागे सोळा गोण्या आणि पुढे उतार. नेहमी काका उताराच्या वरच गिअर खाली आणत. त्या दिवशी नाही आणला. आज त्यांचा ब्रेक कडक होता ना.

त्यांचा पाय खाली गेलेला मला मागून दिसला. पाय खालीच राहिला. त्यांनी पुन्हा दाबला; तिसऱ्यांदा दाबायला रस्ताच उरला नव्हता. मग गिअरचा कर्कश आवाज झाला, चारही हॉर्न एकदम वाजायला लागले आणि काका ओरडले, "धरा! धरा!" रविवारचाच शब्द त्यांच्या तोंडात आला होता. मी गोणी धरली. माणसं पानं टाकून उठून पळत होती. डाव्या कडेला कुणीतरी बांधकामासाठी रस्त्यातच वाळू ओतून ठेवली होती. काकांनी जीप त्या ढिगात घातली.

ढिगाच्या पलीकडे, दोन हातांवर, आपट्याची पानं विकणारी एक म्हातारी बसली होती. ती उठलीच नव्हती. तिला उठता आलं नव्हतं. ती टोपली पोटाशी धरून आमच्याकडे बघत होती.

काकूंचं कपाळ पुढच्या दांडीवर आपटलं होतं. रक्त डोळ्यात येत होतं. काकांनी त्यांना उचलून खाली घेतलं, आपला इस्त्रीचा सदरा काढून कपाळाला दाबून धरला आणि बनियनवर रस्त्यात उभे राहिले. गोण्या फुटल्या होत्या, सगळ्या उतारावर झेंडू पसरला होता. माणसं जमली. दोघं-तिघं बाह्या सरसावत होते, आणि ते बरोबरच होतं.

काकू म्हणाल्या, "काल तर कडक झाला व्हता ना?" आणि त्यांनी सदऱ्याखालून माझ्याकडे पाहिलं.

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. पण त्याआधी काका बोलले. "माझी चूक. मागच्या डाव्या चाकाचा निपल आवळायचा विसरलो मी. तेल गळून गेलं."

त्या माणसाच्या तोंडून 'माझी चूक' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकत होतो. आणि विसरणं? काका प्रत्येक सैल केलेल्या नटाला हारातला दोरा बांधायचे आणि आवळून झाल्यावरच सोडायचे. जेवायचं विसरत, साबण लावल्यावर अंगावर पाणी घ्यायचं विसरत, पण नट विसरणं त्यांना शक्य नव्हतं. गर्दीने त्यांना अर्वाच्य शिव्या दिल्या. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतल्या. आणि मी? मी खाली वाकून फुलं गोळा करायला लागलो.

काकूंच्या कपाळाला पाच टाके पडले. फुलं लोकांनीच हातगाड्यांवर घालून बाजारात पोचवली, आणि शिव्या देणाऱ्यांपैकीच दोघं त्यात पुढे होते.

संध्याकाळी ओढून आणलेली जीप अंगणात उभी होती. काका तिच्याजवळ नुसते बसले होते. मी समोर उभा राहिलो आणि सांगितलं. कालचं सांगितलं, मग सात वर्षांचं सांगितलं. पोह्यांचंही सांगितलं.

"मला उतारावरच कळलं," ते म्हणाले. "गळतीनं गेलेला पाय वेगळा लागतो आणि हवेनं गेलेला वेगळा." मग म्हणाले, "हवा कुठून शिरते म्हणून मी वह्या भरल्या हो, साहेब. ती बाहेरच गेली नव्हती."

"काका, मग तुम्ही स्वतःवर का घेतलं?"

"तिथं माणसं किती होती बघितलंत का? तुम्हाला मारलं असतं त्यांनी. मला कोण मारतंय? माझं डोकं फिरलंय हे अख्ख्या पंचवटीला माहीत आहे." ते उठले. "पण कंटाळा आला एवढं तरी सांगायचं होतं. मी पोह्यांनंतर बोलावलं असतं."

यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. "हिला सांगू नका," एवढं बजावून ते आत गेले.

मला वाटलं होतं, काकू आता त्या गाडीला हातही लावू देणार नाहीत. पुढच्या रविवारी साडेसातला मी आपणहून उठून, दात घासून तयार होऊन बसलो. हाक आलीच नाही. आठ वाजता बाहेर येऊन बघतो तर ड्रायव्हरच्या जागेवर कपाळाला पट्टी बांधून काकू बसल्या होत्या. बुटक्या असल्यामुळे पाठीमागे दोन उशा लावल्या होत्या.

"कसं लागतंय?" खालून आवाज आला.

"मऊ हाय."

"आता?"

"मऊ हाय म्हणते ना!"

दुपार झाली. पोहे नव्हतेच, ते करणार कोण? चार वाजता काका म्हणाले, आता तरी कडक झालं असेल. काकू म्हणाल्या, "तुमच्या म्हणण्यानं व्हतं का?" त्या रविवारी झालं नाही. पुढच्या रविवारी दिवे लागायच्या वेळेला काकू म्हणाल्या, "हां. आता कडक हाय." काकांनी तीनदा विचारून घेतलं. सोमवारी पहाटे टेम्पोवाला फाटकाशी हॉर्न वाजवत असतानाच त्याच्या समोरून जीप बाहेर पडली. काकू पुढे बसल्या होत्या. फाटकाबाहेर त्यांनी हात वर केला, जीप जागेवर थांबली, त्यांनी उतरून फाटकाची कडी लावली आणि पुन्हा बसल्या. मी खिडकीतून बघत होतो. टेम्पोवाल्याने हॉर्नवरचा हात काढला.

पुढच्या वर्षी माझी नांदगावला बदली झाली. सामान काकाच पोचवणार होते. ट्रंक, गादी, स्टोव्ह असं सगळं मागे चढवलं. काका सवयीप्रमाणे मागच्या चाकाशी आडवे झाले होते. काकू माझ्यासाठी डबा बांधत होत्या. त्यांच्या कपाळावरची खूण आता कुंकवाच्या वर बारीक दिसायची. मला राहवेना. म्हणालो, "काकू, दसऱ्याच्या दिवशी निपल सैल राहिला नव्हता. पेडल मऊ होतं. मला माहीत होतं."

त्यांनी डब्याची गाठ घट्ट केली. "त्याच दिशी कळलं व्हतं मला. हा माणूस नट इसरत नाय. आन इसरला आसता तर कबूल केला नसता."

"मग बोलला का नाहीत?"

"लगीन झाल्यापासून ह्यांनी पैल्यांदा म्हणलं, माझी चूक. तीबी दुसऱ्याची. ती मी खोटी कशाला पाडू?" मग त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं. "पण राग हाय मला तुमचा, भाऊ. लय राग हाय. माझं कपाळ जाऊंद्या. ती पानंवाली म्हातारी दोन हातांवर व्हती."

 तेवढ्यात जीपमागून हाक आली, "ओ साहेब! निघायच्या आधी एकदा दाबून बघा, कसं लागतंय!"

मी चढलो. पेडलवर पाय ठेवला आणि दाबला. दगडासारखं होतं. पुन्हा दाबलं, पुन्हा तसंच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "कडक आहे, काका!" मी ओरडलो.

काकूंनी डबा खाली ठेवला आणि पदर खोचला.

"उतरा," त्या म्हणाल्या.

मी उतरलो. त्या चढल्या, पेडलवर पाय ठेवला आणि दोनदा दाबून बघितला.

"हां, कडक हाय," त्या काकांना म्हणाल्या. "चला, निघू."